शेवटचा हात कुणाचा?

कारखान्यात काहीही बंद पडलं की लोक आधी माणूस धरतात आणि बिघाड मागाहून शोधतात. जयमालाचं उलटं होतं. ती आधी बिघाड शोधायची, आणि तो एकदा सापडला की माणसात तिला काडीचाही रस उरायचा नाही. अशा मुलीचं साखर कारखान्यात कसं निभायचं, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. तसं मी तिला तोंडावर सांगितलंही. ती म्हणाली, "काका, नाही निभलं तर का नाही निभलं तेही बघू की."

मी दानीएल भांबळ. आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर हेडक्लार्क होतो. उसाने भरलेली ट्रॉली नाहीतर बैलांची टायरगाडी काट्यावर चढली की वजन घ्यायचं, पावती द्यायची, गाडी आत सोडायची, आणि रिकामी होऊन आली की पुन्हा वजन घ्यायचं. माझी सगळी नोकरी या एवढ्यावरच गेली. ऊसवाल्याचा जीव काट्यात अडकलेला असतो, त्यामुळे काटेवाल्याला कुणी चांगलं म्हणत नाही. मीही कुणाला लवकर चांगलं म्हणत नाही.

जयमाला पंच्याण्णव साली आली. गाव अकोले तालुक्यात, पार वर डोंगरात. नगरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, आणि आमच्याकडे कॉम्प्युटर विभागात हंगामी नेमणूक. म्हणजे ऑर्डर एका हंगामाची, पुढच्या वर्षी एमडी साहेबांच्या मनात आलं तर पुन्हा. अंगाने किरकोळ, वेणी घट्ट घातलेली, आणि पर्समध्ये कायम एक स्क्रू-ड्रायव्हर. ती बौद्ध आहे हे कॉलनीतल्या बायकांनी पहिल्या आठवड्यातच शोधून काढलं. तेवढं एक शोधायला आपल्याकडे कुणाला डिप्लोमा लागत नाही. माझी बायको मेरी म्हणाली, "आपण आलो तेव्हा आपलीही अशीच चौकशी झाली होती," आणि तिने पोरीला रविवारी जेवायला बोलावलं.

जेवताना जयमालाने तिच्या आईची हकीकत सांगितली. आईचं नाव बनाबाई. नवरा गेल्यावर तिने गावात भात कांडायची गिरणी चालवली. दुसरी गिरणी लांब होती म्हणून गावाला हिच्याकडे यावंच लागे. पण काही घरं भात स्वतःच गिरणीत ओतायची आणि तांदूळ स्वतःच गोणीत भरायची. बनाबाईने फक्त पट्टा चढवायचा, धान्याला हात लावायचा नाही. जयमालाने हे वरणात भात कालवता कालवता सांगितलं, जसं काही दुसऱ्या कुणाच्या गावचं सांगतेय.

"आणि गिरणी बंद पडली की?" मी विचारलं.

"की आई आधी ओट्यावर बसायची आणि विचारायची, 'शेवटचा हात कुनाचा लागला?' रागवायला नाही हं काका. बंद पडायच्या आधी काय बदललं ते कळलं की निम्मं काम झालं, असं ती म्हणते."

मला ते पटलं. काट्यावरही असंच असतं. पण मी तसं बोललो नाही, कारण मेरीसमोर मी फारसं कुणाचं पटवून घेत नाही.

आता या कॉम्प्युटरांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या काट्याच्या केबिनमधलं मशीन रिकाम्या डोक्याचं होतं. त्यात काही साठवायची सोयच नव्हती. काट्यावरची धूळ आणि उसाची चिपाडं यांच्यात फ्लॉपी टिकायची नाही, म्हणून मुद्दाम तसंच घेतलेलं. बटण दाबलं की ते तारेवरून हाक मारायचं, 'मी उठलोय, मला कुणी काही सांगेल का?' ऑफिसात एका बंद खोलीत सर्व्हर नावाचा मोठा डबा होता. तो हाक ऐकायचा आणि त्या मशीनला लागणारं सगळं शिक्षण तारेवरून पाठवून द्यायचा. पडद्यावर टिंबं सरकायची, आणि टिंबं संपली की मशीन शहाणं होऊन कामाला लागायचं. पाठवलेल्या त्या शिक्षणाला जयमाला 'इमेज' म्हणायची. ऑफिसातल्या मशीनना एक इमेज, स्टोअरला रंगीत पडदा आणि मराठी अक्षरं म्हणून वेगळी, आणि काट्याला वजन वाचता यावं म्हणून आणखी वेगळी. कुणाला कोणती द्यायची हे सर्व्हरला बरोबर ठाऊक असायचं.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, "रोज नव्याने शिकवायचं? काल शिकलेलं सगळं विसरतं?"

"सगळं."

"म्हणजे आमच्या संचालक मंडळासारखं."

ती इतकी हसली की मला तिची काळजी वाटली. असली वाक्यं काट्यावर बोलायची असतात, ऑफिसात हसायची नसतात.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात जुना सर्व्हर कुरकुरायला लागला. जयमालाने एमडी साहेबांच्या मागे लागून नवा मागवून घेतला. पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर काही येईना, आज येतो, परवा येतो. तेव्हा ही म्हणाली, "साहेब, मी बसवते." साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसव. पण बसला नाही तर मी कुणाला धरायचं ते मला माहीत आहे." पाहिलंत ना, आधी माणूस.

नव्या सर्व्हरचं खोकं आलं आणि लगेच दसरा आला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यातलं यच्चयावत लोखंड पुसून, तेल लावून, हळदकुंकू वाहून पुजलं जातं. काट्याला हार घालायचा मान हेडक्लार्कचा, म्हणजे माझा. मी रविवारी चर्चला जाणारा माणूस, पण काटा माझा, म्हणून हारही माझा. मेरीला ते आवडत नसे. पाळकसाहेबांच्या कानावर गेलं तर, अशी तिला धास्ती. मी म्हणायचो, पाळकसाहेबांना त्यातला पेढा नेऊन दे, ते काही बोलायचे नाहीत.

जयमाला दसऱ्याला गावी जायची. त्यांच्याकडे त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, गावातल्या विहारात कार्यक्रम, आई वाट बघत असायची. जाताना तिने सर्व्हरच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली बरोबर नेली. आत नारळ फोडतील आणि पाणी उडेल, ही तिची भीती, आणि ती खरीच होती. मागच्या वर्षी टेलिफोन एक्सचेंजच्या पेटीवर फोडलेल्या नारळाने आमचे फोन चार दिवस नुसते गुरगुरत होते.

गावाहून परत आल्यावर तिने नवा सर्व्हर बसवला. ऑफिसातली मशीनं एकेक करून उठली. सगळे खूश. काट्यावरचं मशीन मात्र कुणी लावून पाहिलं नाही, कारण काट्याची दुरुस्ती चालू होती आणि वजनमापे खात्याचा शिक्का व्हायचा होता. शिक्का झाला, मोळीचा दिवस ठरला. मोळी म्हणजे उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकायची आणि हंगाम सुरू करायचा. मंडप, पाहुणे, वाजंत्री, आणि पहिल्या गाडीची पावती सगळ्यांदेखत काट्यावर निघायची. तेव्हा कुठे जयमाला केबिनमध्ये आली, बटण दाबलं, आणि आम्ही टिंबं बघत उभे राहिलो. टिंबं सरकली, संपली. पडदा काळा झाला तो काळाच राहिला.

"अरे," ती म्हणाली. घाबरून नव्हे. रस्त्यात अनोळखी पाखरू दिसलं की माणूस म्हणतो ना, तसं.

पुन्हा लावलं. टिंबं, आणि मग काळोख.

त्या आठवड्यात तिने काय काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. खांबावरून आलेली तार उतरवून तपासली. तारेच्या टोकाची टोपणं बदलली. मग काट्यावरचं मशीन उसाच्या मोळीसारखं डोक्यावर वाहून ऑफिसात नेलं आणि सर्व्हरच्या शेजारीच जोडलं, तरी ते काळंच. ऑफिसातलं एक मशीन काट्यावर आणून लावलं, तर ते टुणकन उठलं. म्हणजे तार निर्दोष. दर वेळी ती माझ्याकडे वळून सांगायची, "काका, तार नाही," "काका, टोपण नाही," जसं काही मी चौकशी अधिकारी आणि ती एकेका आरोपीला सोडून देतेय. शेवटी म्हणाली, "मग सर्व्हरच. शेवटचा हात माझाच लागलाय. मीच काट्याची इमेज चुकीची बनवली असणार." आणि तिने काट्याची इमेज मोडून पुन्हा बनवली, मग पुन्हा, मग आणखी एकदा. दर वेळी टिंबं तेवढीच, काळोख तेवढाच.

खरं सांगायचं तर मला आतून थोडं बरंही वाटत होतं. मशीन नाही चाललं तर पावत्या हाताने, आणि माझं अक्षर साऱ्या तालुक्याला माहीत होतं. पण ते बरं वाटणं फार टिकलं नाही. कारण कुजबुज सुरू झाली होती. सर्व्हरची पूजाच झाली नाही. बाईंनी कुलूप घातलं. नारळ फोडू दिला नाही. मग ज्या शब्दासाठी हे सगळं बोलणं चाललं होतं तो शब्द चहाच्या टपरीवर कुणीतरी उच्चारला, आणि तो तिच्या जातीबद्दलचा होता. माझ्या हातातला कप मी तिथेच टेबलावर आदळला. म्हणालो, "काट्याला हार कुणी घातला? मी. मी कोण? ख्रिस्ती. मग आधी काटाच बंद पडायला हवा होता. तो चालतोय की नाही?" एकेक जण चहा संपवून उठला. पण उठून गेलेली माणसं पटलेली असतात असं नव्हे.

मोळीला दोन दिवस उरले तेव्हा एमडी साहेब स्वतः केबिनमध्ये आले, बरोबर चार-दोन संचालक. पडदा काळा. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मोळीच्या दिवशी पावती मशीनवर निघाली पाहिजे. नाही निघाली तर दानीएल हाताने फाडेल, आणि कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली पुण्याच्या कंपनीच्या माणसाकडे जाईल. कायमची." कायमची म्हणजे काय ते तिला कळलं, मलाही कळलं. पुढच्या हंगामाची ऑर्डर नाही.

ते गेल्यावर ती स्टुलावर बसली. मला वाटलं आता रडेल, आणि रडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते मला कधी जमलं नाही. म्हणून मी म्हणालो, "जाऊ दे, दुसरी नोकरी मिळेल."

"नोकरी मिळेल हो," ती म्हणाली, "पण तिकडे अकोल्यात कुठे आहेत अशी मशीनं? घरी गेले की यांना परत हात लागायचा नाही." मग डोळे पुसून म्हणाली, "आणि चूक माझी असेल तर जाते मी. पण का बंद आहे ते कळल्याशिवाय जाणार नाही."

तिला जाऊ द्यायचं नाही, असं मला त्या क्षणी अगदी स्पष्ट वाटलं. माझ्या अक्षराचं मला तेव्हा काहीएक वाटेना.

मोळीच्या आदल्या दिवशी सकाळी ती आली ती वेगळ्याच चेहऱ्याने. म्हणाली, "काका, मी रात्रभर एकाच गोष्टीचा विचार करतेय. मी इमेज इतक्या वेळा बदलली. एकदा चुकली, दोनदा चुकली असं धरू. पण बिघाड दर वेळी तोच कसा? माझी चूक तरी बदलायला हवी होती की नाही?"

"मग?"

"मग एक खडा टाकून बघितलाय. काट्याच्या इमेजमधलं सगळं काढून टाकलं आणि एकच ओळ ठेवली. मशीन लावा."

"कसली ओळ?"

"लावा तर खरं."

मी बटण दाबलं. टिंबं सरकली, संपली, आणि पडदा काळा झाला. मी हताश होऊन तिच्याकडे पाहिलं, तर ही टाळ्या पिटतेय.

"यात टाळ्या पिटण्यासारखं काय आहे?"

"काका, ओळ आली नाही!"

"नाही आली म्हणून हसतेस?"

"अहो, मी पाठवलेलं याला मिळतच नाही. हे दुसऱ्याच कुणाच्या तरी ताटातलं खातंय, आणि ते याला पचत नाही. आता एवढंच शोधायचं, माझं ताट कुणाच्या पुढे वाढलं जातंय." आणि ती पदर खोचून निघालीच, एकेका खात्यात जाऊन पडदे बघायला.

तिला फार लांब जावं लागलं नाही. समोरून कानिफनाथ येत होता. कानिफनाथ म्हणजे आमचा स्टोअरकीपर, फार देवभोळा. खंडेनवमीला पुजलेल्या मशीनवर तो पांढरं फडकं टाकायचा आणि मोळीच्या आदल्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा त्याचा स्वतःचा नियम. आज त्याने फडकं काढून बटण दाबलं होतं. त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

"दानीएल," तो माझ्यावरच ओरडला, "तुझी थट्टा तुझ्या काट्यावर ठेव. माज्या मशीनवर च्या कोन मागतंय?"

आम्ही तिघं पळतच स्टोअरमध्ये गेलो. रंगीत पडद्यावर, हाराखाली, इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ होती, 'दानीएलकाका, चहा पाजा.'

जयमाला त्या पडद्यासमोर उभी राहिली आणि तिने दोन्ही हात डोक्याला लावले. "सापडलं," ती म्हणाली. "पण असं कसं झालं?" त्या क्षणी तिला नोकरीची आठवण नव्हती, हे मी पैजेवर सांगतो.

तिने स्टोअरचं मशीन उघडलं. तारेला जोडायचं जे कार्ड आत असतं ते बाहेर काढलं आणि उजेडात धरलं. कार्डाच्या कडेला कुंकवाचं बोट होतं. मग काट्यावरचं मशीन उघडलं. त्याच्याही कार्डावर कुंकू. तिने मला समजावून सांगितलं की प्रत्येक कार्डाला बनवतानाच एक नंबर दिलेला असतो, आणि सर्व्हर फक्त तो नंबर ओळखतो. डब्यावर तिने स्वतः रंगाने 'काटा' असं लिहिलं होतं, पण सर्व्हरला रंग दिसत नाही. मी मध्येच तिला थांबवलं, कारण हे मला आयुष्यभर माहीत होतं. आमच्याकडे टायरगाडीला नंबराचा पत्रा असतो. गाडीवान कोण, बैल कुणाचे, हे काटा विचारत नाही. पत्रा बदलला की ऊस दुसऱ्याच्या नावावर गेला.

"म्हणजे पत्रे बदलले," मी म्हणालो.

"पत्रे बदलले," ती म्हणाली. "आणि या मशीनला शेवटचा हात माझा नव्हता. उगाच आठवडाभर मी माझ्याच मागे लागले."

सहादेवला बोलावलं. सहादेव आमचा काट्याचा फिटर, आडदांड, हाताचा सोन्यासारखा, पण साहेबांचं नाव निघालं की कोकरू. त्याने कार्डांकडे पाहिलं, कुंकू पाहिलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मॅडम, म्याच काढली हुती. काट्यावरचं आन स्टोअरचं, दोन्ही मशीनं लई धुळीत. खंडेनवमीला म्हनलं, बाकी समदं पुसतोय, ह्येंच्या पोटातलीबी धूळ काढावी. वर्कशॉपात नेली, हवेच्या पायपानं उडवली. ही पाटी भाईर काढून बुरशानं पुसली, माज्या पान्याशेजारी पाटावर मांडली, हळदकुक्कू वाहिलं. परत लावताना कोनती कुटली..." तो थांबला. "दोन्ही सारकीच दिसत्यात वो. मला काय ठावं त्येंला नंबर असतोय?"

मी जयमालाकडे पाहिलं. आठवडाभर कारखान्याने तिला पाण्यात पाहिलं होतं. पूजा केली नाही म्हणून तिचं मशीन उठत नाही, असं चघळलं होतं. आणि मशीन बंद पडलं होतं ते नेमकं पूजेच्या दिवशीच्या साफसफाईने. मी तिच्या जागी असतो तर कॉलनीत दवंडी पिटली असती.

तिने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "हवेने उडवलं आणि मग ब्रश? आधी हवा का?" तिने विचारलं.

"मॅडम, साहेबांना सांगू नका वो."

"नाही, पण निघालीय छान. मी पुसते तेव्हा या कोपऱ्यातली निघतच नाही." हे ती मनापासून बोलत होती. सहादेवला ती टोमणा मारतेय की काय, हे कळेना, आणि तो रडकुंडीला आला. शेवटी मीच म्हणालो, "अरे, ती तुला शाबासकी देतेय. गप ऐक."

कार्डं आपापल्या जागी गेली. काट्याची खरी इमेज तिने पुन्हा बसवली. केबिनमध्ये बटण मीच दाबलं. टिंबं सरकली, संपली, आणि हिरव्या अक्षरांत ओळ आली, 'गाडी काट्यावर घ्या.' मी देवाचे आभार मानले. कुठल्या देवाचे हे त्या वेळी तपासलं नाही. चहा मात्र पाजावा लागला, कानिफनाथसकट सगळ्यांना.

दुसऱ्या दिवशी मोळी. वाजंत्री, फेटे, मंडप. पहिली टायरगाडी काट्यावर चढली, प्रिंटरने करकर करत पावती ओकली, एमडी साहेबांनी ती उंच धरून दाखवली. टाळ्या झाल्या. मग साहेबांनी केबिनच्या दाराशी उभ्या असलेल्या जयमालाला सगळ्यांसमोर विचारलं, "काय झालं होतं?"

"कार्डांची अदलाबदल झाली होती, साहेब. मी डब्यावरचं नाव वाचलं आणि आतला नंबर वाचायचा राहिला."

"अदलाबदल केली कुणी?"

पाहिलंत? पुन्हा माणूस. तिने खांदे उडवले. तिला खरंच त्यात रस नव्हता. सहादेव गर्दीत नारळ धरून उभा होता. तो काही बोलेल असं मला वाटलं नव्हतं. पण तो दोन पावलं पुढे आला.

"म्या केली, साहेब. खंडेनवमीला पुजायला काडली आन चुकून बदलली. मॅडमचा काय बी दोष न्हाई. पूजा ऱ्हायली म्हनून न्हाई, पुजेतच झालं."

वाजंत्रीसुद्धा थांबली होती. टपरीवरचे तोंडाळ लोक जमिनीकडे बघत होते, आणि त्यांना जमिनीकडे बघताना पाहून मला फार आनंद झाला. तो लपवावा असं मला वाटत नाही. पण साहेबांच्या नाकावर राग चढायला लागला होता, म्हणून मी मध्ये पडलो. "साहेब, त्याने कुंकू लावलं, पण हार मी घातला. दोघांनाही धरा." लोक हसले, मग साहेबही हसले. किल्लीचा विषय त्यांनी परत काढला नाही, आणि पुढच्या हंगामाची ऑर्डर जयमालाला न मागता मिळाली.

गोष्ट इथे संपली असती तर ती मी सांगितलीही नसती. पुढच्या वर्षी खंडेनवमी आली. जयमालाची संध्याकाळची एसटी होती, ती टेबलाचे खण आवरत होती. मी तिथेच बसलो होतो. दारात सहादेव आला. चपला बाहेर काढलेल्या, कपाळाला गंध, हाताला तेल.

"मॅडम, पुसून झालंय. पूजाबी झाली. पाट्या पाटावर मांडल्यात. जोडायला तुमी या."

"तुम्ही जोडा की. नंबर आता तुम्हाला माहीत आहेत."

"माहीत हाय. पन शेवटचा हात तुमचा लागू द्या."

बनाबाईची गोष्ट त्याला मी सांगितली होती, गिरणीची सगळी गोष्ट. आम्ही वर्कशॉपात गेलो. पाटावर पाने, हातोड्या, कार्डं, सगळं एका ओळीत, सगळ्यावर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. भोवती माणसं बसलेली. मागून कुणीतरी पुटपुटलं, पुजलेल्या वस्तूला आता... सहादेवने मान न वळवताच त्याचं वाक्य तोडलं, "मशीन उठवायचंय का न्हाई?" बसलेली माणसं सरकली आणि पाटाजवळ एकीपुरती जागा झाली.

जयमाला खाली बसली. पर्समधून स्क्रू-ड्रायव्हर काढला, आणि पहिल्या कार्डाकडे नेलेला हात मध्येच थांबला. तिच्या आईच्या गिरणीत भाताला हात लावू न देणारी घरं मला आठवली. तिलाही आठवली असणार, कारण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कानिफनाथने तिच्यापुढे पेढा धरला.

"पेढा नंतर," ती म्हणाली, आणि कुंकवाचं कार्ड उचलून सहादेवच्या हातात दिलं. "आधी नंबर वाचा. मोठ्याने."